भुलीचा इतिहास आणि मातेचा निर्णय

सिझेरियनची तारीख ठरली की आमच्या धर्मग्रामांतील घरांत एक वेगळीच लगबग सुरू होते. त्या दिवशी कोणत्या संताचा सण येतो हे दिनदर्शिकेत पाहिले जाते, स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापिता कोण होणार याची बोलणी होतात, डिंक आणि खारका आणल्या जातात. एका गोष्टीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही, आणि बोललेच तर ते स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. पोटावर शस्त्र चालेल त्या वेळी आई जागी असणार की झोपलेली? "पाठीत सुई घेऊ नकोस गं, जन्मभर कंबर धरेल," असे आजी सांगते. "मला तर बाई पूर्ण झोपवलं होतं, काही कळलंच नाही, तेच बरं," असे जाऊबाई म्हणतात. "आमच्या वेळी असले लाड नव्हते," असे सासूबाई पुटपुटतात. आणि जिच्या देहावर हे सारे घडायचे असते, ती मुकाट्याने ऐकत राहते. शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणीतरी कागद पुढे करते, ती सही करते आणि प्रश्न मिटतो.

हा प्रश्न इतका किरकोळ नाही, असे आम्हांस वाटते. त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्यात धर्मपंडितांनी मते मांडली, डॉक्टर एकमेकांशी भांडले, एका राणीने कौल दिला, एका न्यायालयात निवाडा झाला आणि एका परमगुरुस्वामींनी उत्तर दिले. मातेचा शब्द मात्र या साऱ्यांत सर्वांत शेवटी विचारला गेला. आजी, जाऊबाई आणि सासूबाई यांच्या तोंडची तिन्ही वाक्येही याच इतिहासातून आलेली आहेत. म्हणून तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मृत मातेच्या उदरातून

सिझेरियन ही शस्त्रक्रिया फार जुनी. परंतु शतकानुशतके ती जिवंत स्त्रीसाठी नव्हतीच. माता प्रसूतीच्या वेळी मरण पावली तर तिचे उदर उघडून बाळाला बाहेर काढावे, ते जिवंत असेल तर त्यास स्नानसंस्कार द्यावा, असा दंडक मध्ययुगातील धर्मपरिषदांनीही घालून दिला होता. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात तेराव्या शतकाच्या आरंभी जन्मलेले संत रेमंड हे असेच मृत मातेच्या उदरातून काढले गेले, असे परंपरा सांगते. म्हणूनच त्यांना 'नोन्नातुस', म्हणजे 'न जन्मलेला', हे उपनाव मिळाले. ३१ ऑगस्ट हा त्यांचा सण. गरोदर स्त्रिया आणि सुइणी त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

जिवंत मातेवर ही शस्त्रक्रिया करण्याचे धाडस पुढे काही वैद्यांनी केले; परंतु भुलीवाचून आणि जंतुनाशकांवाचून त्यातून वाचणारी स्त्री विरळाच. चार माणसांनी हातपाय धरून ठेवायचे आणि वैद्याने जमेल तितक्या वेगाने काम उरकायचे, एवढीच काय ती सोय. अशा काळात निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

एडिंबरोची ती रात्र

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रियेच्या जगात नवे युग सुरू झाले. पुढील तीनच महिन्यांत, १९ जानेवारी १८४७ रोजी, स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी अडलेल्या बाळंतिणीवर ईथरचा प्रयोग केला. सिम्पसन हे एका बेकरीवाल्याचे पुत्र. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच ते एडिंबरो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. ईथरचा उग्र वास आणि त्याने येणारा खोकला त्यांना खटकत होता. अधिक सुसह्य द्रव्याच्या शोधात ते आणि त्यांचे दोन सहकारी रात्रीच्या जेवणानंतर निरनिराळी रसायने स्वतःच हुंगून पाहत. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री त्यांनी क्लोरोफॉर्म हुंगला आणि तिघेही भोजनगृहातच बेशुद्ध होऊन पडले. चारच दिवसांनी सिम्पसन यांनी तो एका बाळंतिणीला दिला. त्या बाळाचे नाव भुलीच्या इंग्रजी शब्दावरून ठेवले गेले, अशी दंतकथा पुढे पसरली. वस्तुतः त्या मुलीचे नाव विल्हेल्मिना असे ठेवण्यात आले होते.

क्लोरोफॉर्मची वार्ता पसरताच आक्षेप निघाले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेला प्रसूतीच्या क्लेशांविषयी जे सांगितले गेले, त्याचा आधार घेऊन काहींनी विचारले, 'देवाने ठरवलेली वेदना माणसाने पुसून टाकावी काय?' सिम्पसन यांनी डिसेंबर १८४७ मध्ये एक पुस्तिका काढून या आक्षेपांना उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद आजही वाचनीय वाटतो. एक तर, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ केवळ वेदना असा नसून कष्ट, श्रम असाही आहे, आणि पुढच्याच वचनात तसाच शब्द आदामाच्या शेतीच्या कष्टांसाठी आला आहे. मग शेतकऱ्याने नांगर आणि बैल वापरून आपले कष्ट हलके केले तर ते पाप ठरत नाही. स्त्रीनेच तेवढे का सोसावे? दुसरे असे, की आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातच आहे.

या ठिकाणी इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 'ख्रिस्ती धर्माने भुलीला कडाडून विरोध केला,' असे अनेक पुस्तकांत वाचावयास मिळते. परंतु अलीकडच्या अभ्यासकांनी त्या काळचे लेखन तपासले तेव्हा धर्मगुरूंचा संघटित विरोध जवळजवळ आढळलाच नाही. सिम्पसन यांनी आक्षेप येण्याआधीच त्यांना उत्तर देऊन ठेवले होते, असेच म्हणावे लागेल. खरा विरोध आला तो डॉक्टरांकडून. फिलाडेल्फियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांच्या मते प्रसूतिवेदना ही निसर्गाची हितकारक शक्ती होती आणि ती पुसणे घातक होते. डॉक्टरांची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. वेदना घालवणारे औषध प्राणही घेऊ शकते, हे पहिल्या तीन महिन्यांतच जगाला कळून चुकले.

वाद मिटला तो राजवाड्यात. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म टाकून तिला ५३ मिनिटे हुंगवला. राणी पूर्ण बेशुद्ध झाली नव्हती. वेदना तेवढ्या बोथट झाल्या होत्या. १८५७ मधील नवव्या बाळंतपणातही तिने तेच केले. स्नो यांच्यावर वैद्यकीय नियतकालिकाने टीका केली. परंतु राणीने जे घेतले ते इतर स्त्रियांना नाकारणे आता कठीण झाले. मातेने स्वतः मागितले आणि तिला ते मिळाले, अशी ही पहिली गाजलेली घटना. मात्र त्यासाठी ती माता राणी असावी लागली, हेही ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रिया मातेची होते

भुलीने सिझेरियनला जिवंत मातेच्या दारात आणले. २१ मे १८७६ रोजी इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मुडदुसाने अरुंद झालेल्या कटीच्या एका तरुण स्त्रीवर क्लोरोफॉर्मखाली सिझेरियन केले. रक्तस्राव थांबावा म्हणून त्यांनी गर्भाशयही काढून टाकले. माता आणि कन्या दोघीही वाचल्या. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशय टाक्यांनी नीट शिवण्याची पद्धत दिली, तेव्हा पिशवी काढण्याची गरज उरली नाही. वेदना थांबल्याशिवाय शस्त्रवैद्याला वेळ मिळत नव्हता आणि वेळ मिळाल्याशिवाय टाके घालता येत नव्हते.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतो की हृदय बंद पाडून, हा प्रश्न जगाला छळत होता. त्याचा निवाडा करण्यासाठी हैदराबादच्या निजामांच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. त्या काळी तेथे क्लोरोफॉर्म देण्याचे काम करणाऱ्यांत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिला होत्या. भूल देण्याचे काम करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

पडद्यात वावरणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, आणि कॅथलिक धर्मभगिनींना प्रसूतिसेवा करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांची आडकाठी होती. डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश महिलेने उत्तर भारतातील स्त्रियांची ही दैना पाहून रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या आना डेंगल यांनी रावळपिंडी येथे काम करून १९२५ मध्ये वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. दरम्यान १९२० पासून डॉ. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन भगिनी विशेष परवानगीने आंध्रातील गुंटूर येथे रुग्णसेवा करीत होत्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने फर्मान काढून धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची मुभा दिली. आज आपल्याकडे धर्मभगिनींच्या प्रसूतिगृहात जन्मलेली हजारो माणसे आहेत. त्यांतील फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

पाठीतील सुई

आता त्या सुईकडे वळू. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी मणक्यांच्या फटीतून बारीक सुई घालून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन सोडून, रुग्णाला जागे ठेवूनच पाय बधिर केले. मग बीअर आणि त्यांचे सहायक यांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. बधिर झालेल्या नडगीवर हातोडीचे घाव घातले तरी सहायकाला वेदना झाली नाही. मात्र दोघांचीही डोकी पुढे कित्येक दिवस दुखत राहिली, कारण जाड सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव पाझरत होता. दोनच वर्षांनी बाझेल येथे ओस्कार क्राइस यांनी ही पद्धत बाळंतिणींसाठी वापरली. पुढे १९२१ मध्ये स्पेनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य फिदेल पाखेस यांनी त्या द्रवाच्या आवरणाबाहेरच औषध सोडण्याची रीत दिली. तिलाच आज आपण एपिड्युरल म्हणतो.

तरीही पुढील पन्नास-साठ वर्षे संपूर्ण भूलच अधिक प्रचलित राहिली. मधल्या काळात स्त्रियांनी स्वतः मागितलेली एक गोष्ट फसलीही. १९०६ च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाने बाळंतपणाची आठवणच पुसणारी 'संधिप्रकाशाची झोप' नावारूपास आली. १९१४ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी तिच्यासाठी संघटना काढून चळवळ केली. परंतु त्या औषधाने वेदना जात नसे, फक्त स्मृती जाई; स्त्रिया ओरडत, तडफडत आणि बाळे सुस्त जन्मत. पुरेशी माहिती नसता केलेली निवड ही खरी निवड नव्हे, हा धडा या प्रसंगातून मिळाला.

संपूर्ण भुलीचे संकट १९४६ मध्ये स्पष्ट झाले. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांचा अभ्यास करून दाखवले, की भुलीखाली पोटातील अन्न किंवा आम्ल फुप्फुसात जाण्याचे ६६ प्रसंग घडले होते. गरोदर स्त्रीचे जठर सावकाश रिकामे होते आणि झोपेत घशाचा पहारा सैल पडतो. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहण्याचा जो नियम परिचारिका कटाक्षाने पाळायला लावते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. मोसंबीच्या रसाचा घोटभर आग्रह करणाऱ्या मावशींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

पाठीच्या सुईची भीतीही हवेतून आलेली नाही. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे वूली आणि रो या दोन कामगारांना शस्त्रक्रियेसाठी मणक्यात भूल देण्यात आली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. १९५३ मध्ये खटला चालला. औषधाच्या कुप्यांना गेलेल्या अदृश्य तड्यांतून जंतुनाशक फिनॉल आत शिरले असावे, असे न्यायालयाने मानले. पुढील काळातील तज्ज्ञांना निर्जंतुकीकरणाच्या भांड्यातील आम्लाचा संशय येतो. दोष सुईचा नव्हता. तरीही या खटल्याने ब्रिटनमध्ये स्पायनल भूल जवळजवळ दोन-तीन दशके मागे पडली. आज औषधाच्या कुप्या तशा द्रावात बुडवून ठेवीत नाहीत आणि सुया एकदाच वापरून टाकून दिल्या जातात.

रोमचे उत्तर

याच सुमारास ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न थेट आला. ८ जानेवारी १९५६ रोजी परमगुरुस्वामी पोप पायस बारावे यांनी वेदनारहित प्रसूतीवर स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे भाषण केले. रशियात जन्मलेली आणि पॅरिसमध्ये रुजलेली मानसिक तयारीची एक पद्धत तेव्हा गाजत होती. तिचे जनक भौतिकवादी होते, म्हणून ती त्याज्य ठरत नाही, असे पोपमहोदयांनी सांगितले. उत्पत्तीतील त्या वचनाविषयी त्यांचा निर्वाळा निःसंदिग्ध होता. हव्वेला शिक्षा सुनावताना देवाने मातांना प्रसूती सुलभ आणि कमी वेदनामय करणारे उपाय वापरण्यास मनाई केलेली नाही. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, इटलीच्या भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना ते म्हणाले, की ख्रिस्ती माणूस स्वेच्छेने वेदना स्वीकारू शकतो. परंतु वेदनाशमन नाकारलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही.

आमच्या मते याहूनही महत्त्वाचा विचार त्यांनी सप्टेंबर १९५२ मधील एका भाषणात मांडला होता. रुग्णाने स्वतः दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला रुग्णाच्या देहावर अधिकार नाही, असा त्याचा आशय आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निवाड्यात हाच धागा पकडला. एका प्रौढ स्त्रीला तपासणीसाठी संपूर्ण भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. प्राणांवर बेतलेले नसताना प्रौढ, सुजाण स्त्रीऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. आई, सासू, पती यांचे प्रेम मोलाचे खरे. परंतु सही तिची आणि समजही तिचीच हवी.

आजची निवड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशात शंभरापैकी २१.५, महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. म्हणजे हा प्रश्न आता कोणत्याही घराच्या उंबरठ्यापासून दूर नाही.

पूर्वनियोजित सिझेरियनसाठी आज बहुतेक ठिकाणी स्पायनल भूल सुचवली जाते. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या पातळीवर, कमरेच्या मणक्यांच्या फटीतून, अतिशय बारीक सुईने औषध सोडतात. काही मिनिटांत पाय जड व उबदार होतात आणि छातीपर्यंतचा भाग बधिर होतो. आई जागी असते. तिला ओढल्यासारखे, दाबल्यासारखे जाणवते. परंतु चिरण्याची वेदना जाणवता कामा नये. रक्तदाब उतरून मळमळणे, थंडी वाजल्यासारखे थरथरणे हे घडते आणि त्यावर लगेच उपाय केले जातात. बाळाचे पहिले रडणे तिच्या कानी पडते आणि बाळ तिच्या छातीशी देता येते. शस्त्रक्रिया लांबण्याचा संभव असला तर एपिड्युरलची बारीक नळी ठेवून औषध वाढवत नेता येते.

संपूर्ण भूल कालबाह्य झालेली नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, रक्तातील बिंबिका फार कमी असणे, पाठीवर संसर्ग, भयंकर रक्तस्राव, बाळाचे ठोके एकाएकी ढासळणे, किंवा स्पायनलने पुरेशी बधिरता न येणे, अशा प्रसंगी तीच तारक ठरते. जागे राहण्याच्या कल्पनेनेच जिचा थरकाप होतो, तिलाही ती मागण्याचा अधिकार आहे. मात्र तोलून पाहावे. अमेरिकेत १९८५ ते १९९० या काळात सिझेरियनमध्ये संपूर्ण भुलीने दगावण्याचे प्रमाण कण्यातील भुलीच्या १६.७ पट आढळले होते. १९९७ ते २००२ मध्ये ते १.७ पटींवर आले. अवघड आणि तातडीच्या रुग्णांनाच संपूर्ण भूल अधिक दिली जाते, हेही हे आकडे वाचताना ध्यानात घ्यावे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील २०१४ च्या एका मोठ्या पाहणीत संपूर्ण भुलीखालील सुमारे ६७० सिझेरियनांत एका मातेला मध्येच भान आल्याची नोंद झाली. म्हणून 'झोपले की काहीच कळत नाही' हे जाऊबाईंचे म्हणणे बहुतांशी खरे असले तरी सर्वस्वी खरे नाही.

आणि आजीची कंबर? १९९० मध्ये इंग्लंडमधील एका पाहणीने एपिड्युरल आणि दीर्घकालीन कंबरदुखी यांचा संबंध सुचवला होता. परंतु त्यानंतर मातांवर आधीपासून लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत तो टिकला नाही. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळते, एवढे खरे. गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाढलेले वजन आणि मग वाकून बाळाला उचलणे यांनी कंबर दुखते. सुई न घेतलेल्या बाळंतिणींचीही दुखते. बीअर यांना छळलेली डोकेदुखी मात्र अजून पुरती गेलेली नाही. आजच्या पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांनी ती शंभरात एखादीला किंवा त्याहूनही कमी जणींना होते आणि तिच्यावर उपचार आहेत. उठून बसल्यावर डोके असह्य दुखू लागले तर ते अंगावर न काढता डॉक्टरांना कळवावे.

नियोजित शस्त्रक्रियेचा मोठा लाभ हा, की विचारायला वेळ असतो. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी तरी भेटता येईल का, हे विचारावे. पूर्वी भूल दिली असता काही त्रास झाला होता काय, कोणती औषधे चालू आहेत, दमा किंवा रक्तदाब आहे काय, हे आपण होऊन सांगावे. मला कोणती भूल सुचवता आणि का, ती अपुरी पडली तर पुढे काय, बाळ माझ्याजवळ केव्हा देणार, हे संकोच न करता विचारावे. चिरण्यापूर्वी गार वस्तू लावून बधिरता तपासतात. तेव्हा जे जाणवते ते खरे सांगावे. शस्त्रक्रिया चालू असताना दुखले तर 'दुखतंय' असे म्हणण्यात कसलाही कमकुवतपणा नाही. तो शब्द ऐकून घेणे आणि उपाय करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी नवजात बाळाला गुण देण्याची पद्धत मांडली. आजही बाळाच्या कागदांवर 'अ‍ॅपगार' या नावापुढे ते गुण लिहिलेले दिसतात. भुलीचा बाळावर काय परिणाम झाला हे पाहण्याची त्यांना तळमळ होती. बाळाचे गुण आपण कौतुकाने सांगतो. मातेला काय वाटले, तिला काय हवे होते, याची नोंद मात्र कोणत्याही कागदावर नसते. ती घरच्या माणसांनीच घ्यावयाची असते.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरात पुन्हा अशी तारीख ठरेल तेव्हा दिनदर्शिका जरूर पाहावी, डिंकही भाजावा, पण त्याआधी एकदा त्या लेकीसुनेला जवळ बसवून विचारावे, "बाळ, तुला काय हवंय? डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आपण लिहून काढू या का?" सासूबाईंच्या वेळी कोणी असे विचारले नव्हते. विचारले असते तर त्यांनाही ते लाड वाटले नसते.